मुंग्यांचा दिवाळी अंक

खट्ट... आणि मग काहीच नाही.

छापखान्यातलं मशीन मध्येच थांबल्याचा तो आवाज श्रीरंग हेरवाडकरांना पुढे आयुष्यभर ऐकू येत राहिला. पुण्यात त्यांचा मोठा सत्कार झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हाही त्या टाळ्यांच्या मागे तो आवाज होताच.

"मशीन कोणी थांबवलं?" त्या दिवशी श्रीरंगने आतल्या खोलीतून विचारलं होतं.

"मास्तरांनी," मशीनवरचा बाबालाल म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला.

वाळिंबे मास्तर मिरजेहून 'भिंग' नावाचं विज्ञानाचं मासिक काढत. म्हातारपणी त्यांनी ते श्रीरंगच्या हाती सोपवलं होतं. जूनचा हा त्याचा पहिलाच अंक. पोरगा पुण्याहून एम.एस्सी. होऊन आलेला. संपादक म्हणून आपलं नाव छापून यावं, हा माणूस सगळं जाणतो असं चार लोकांनी म्हणावं, एवढ्यासाठी जीव तळमळत होता त्याचा.

मास्तरांच्या हातात ओल्या शाईचं पान होतं, वाचकांच्या प्रश्नांचं. तासगावच्या एका बाईंनी विचारलं होतं, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो म्हणतात, ते खरं का? श्रीरंगने अर्धं पान भरून उत्तर दिलं होतं. ही अडाणी समजूत आहे, मुंगीला आभाळातलं काय कळणार, आणि असंच बरंच. खाली ठळक अक्षरांत नाव.

"तू पाहिलंस?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"मुंग्या."

"त्यात पाहायचं काय, मास्तर? समजूतच आहे ती."

"म्हणजे पाहिलं नाहीस."

"...नाही."

"मग तुला ठाऊक काय आहे?"

श्रीरंगने बाबालालकडे पाहिलं. बाबालाल छताकडे पाहत होता.

"तसं... नक्की ठाऊक नाही."

"मग तेवढंच छाप."

मास्तरांनी स्वतःच्या हातांनी त्या उत्तराचे जुळवलेले शिशाचे खिळे उपसले. अर्धं पान कोरं राहिलं. त्यात एकच ओळ: 'आम्हांला ठाऊक नाही. पाहा आणि कळवा.' आणि तिच्याखाली, ज्यासाठी जीव टाकला होता ते, श्रीरंग हेरवाडकर, संपादक.

निदान नाव तरी काढा, असं त्याने परोपरीने विनवलं. पहिल्याच अंकात हसं होईल म्हणाला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि बाबालालला मशीन चालवायची खूण केली.

हसं झालंच. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, "काय संपादक, आज काय ठाऊक नाही?"

शेवटी रागारागाने तो घरामागच्या भिंतीशी मुंग्या बघत बसला. एकदा त्या अंडी घेऊन निघाल्या. आईने छत्री आणून दिली. पाऊस आला नाही. मग पुन्हा निघाल्या, तेव्हा आला. तो बसतच राहिला. राग कधी गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

आणि मग कार्डं यायला लागली. आधी दोन-चार, मग पोस्टमन पिशवीच ओतू लागला. कोणा गुरुजींनी अख्खा वर्ग कुंपणाशी उकिडवा बसवला होता. एका आजींनी लिहवून घेतलं होतं, मुंग्या निघाल्या, पाऊस नाही. सून म्हणते, त्यांनीपण रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकला असेल. आणि तासगावच्या त्या बाईंनी कळवलं होतं, मुंग्या निघाल्या खऱ्या, पण आदल्या दिवशी मीच तिकडे मोरीचं पाणी सोडलं होतं, तेही ध्यानात घ्यावं.

हे कार्ड श्रीरंगने उभं राहून वाचलं.

त्या वर्षी 'भिंग'चा दिवाळी अंक सगळाच्या सगळा मुंग्यांचा निघाला. फटाके संपायच्या आत अंक संपला. तो पुन्हा छापायला घेतला, त्या सकाळी मास्तर आले. आपल्या जुन्या खुर्चीकडे गेले नाहीत. पाहुण्यांच्या स्टुलावर बसले.

मशीन धडधडत होतं. भिंतीशी कार्डांच्या गोण्या.

"मास्तर, एवढं सगळं झालं," श्रीरंग म्हणाला, "पण उत्तर काही हाती लागलं नाही. कधी येतो पाऊस, कधी नाही येत. अजून ठाऊक नाहीच."

"जूनमध्ये किती जणांना ठाऊक नव्हतं?"

"मला... एकट्याला."

मास्तरांनी गोण्यांकडे पाहिलं. मग हसले.

"आता साऱ्या जिल्ह्याला ठाऊक नाही. संपादक झालास रे, श्रीरंगा."

ते उठले. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. मास्तरांनी धोतर वर धरलं, रांग जपून ओलांडली, आणि निघून गेले.