पारसिक पेला

चीन देशी शानलिन नगरावर हाओ राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व एका काचकाराच्या घरी जन्मले. त्यांचे नाव लिआंग. साच्यात ओतलेले त्यांचे पेले जेड दगडासारखे हिरवेगार दिसत, पण गरम मद्य पडले की तडकत.

राजाकडे इराणातून आलेला एक पारसिक पेला होता. पातळ, अंगावर गोल खाचा कोरलेला. वाफाळते मद्यही तो सुखाने झेली. युद्धात धरून आणलेल्या माहदाद नावाच्या पारसिक काचकाराला राजा म्हणाला, "असा पेला घडव आणि पश्चिमेला जाणाऱ्या उंटांच्या तांड्याबरोबर घरी जा. नाही जमले तर जन्मभर इथेच राब." लिआंगना तो म्हणाला, "तू आधी घडवलास, तर राजभट्टीचा प्रमुख तू."

दोघे एकाच भट्टीवर राबू लागले. माहदाद लोखंडी नळीत फुंकर घाली आणि वितळलेली काच फुग्यासारखी फुगे. लिआंग लहान मुलासारखे हरखून बघत. पण तेही पेले तडकत.

"तुमचे पेले गार पाण्यापुरते, उस्ताद!" माहदाद चिडवी.

"आणि तुझे नुसते बघण्यापुरते!"

मग माहदाद सुस्कारा टाकी. "तुमच्या काचेत शिसं, म्हणून ती तडकते. आमच्या काचेत खाऱ्या झुडपांची राख. ती इथे कुठून आणू?"

तांडा निघायला थोडेच दिवस उरले. लिआंग उंटवाल्यांच्या तळावरून चालले होते. चुलीत वाळवंटातली झुडपे जळत होती आणि राखेखालची वाळू वितळून तिचा चकचकीत खडा झाला होता! त्यांनी त्यावर उकळते पाणी ओतले. तडा नाही! पोतेभर राख घेऊन ते धावतच घरी आले.

"प्रमुखपद दारात आलं!" पत्नी मेइ टाळ्या पिटत म्हणाली. "साचा तापवा आधी!"

"आणि माहदाद?"

"त्याचं तो बघेल. तुम्ही आयुष्यभर याचीच वाट पाहिलीत ना?"

ते खरे होते. लिआंग घटकाभर उंबऱ्यावर बसले. मग पोते उचलून भट्टीकडे निघाले.

माहदादने राख जिभेला लावली, ओळखीची खारट चव लागली आणि त्याला रडूच कोसळले. "उस्ताद, तुमचं पद जाईल."

"रडतोस काय? भट्टी पेटव!"

भर दरबारात माहदादच्या नव्या पेल्यात वाफाळते मद्य पडले. सगळे श्वास रोखून ऐकत राहिले. तडकल्याचा आवाज आलाच नाही. "घरी जा!" राजा माहदादला म्हणाला, आणि सर्वांआधी लिआंगच आनंदाने ओरडले.

कथा संपवून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ज्याच्या परक्या उच्चारांना आज तुम्ही हसलात, तो नवा भिक्षू तेव्हा माहदाद होता. हा विहार बांधणारा धनिक श्रेष्ठी तेव्हा राजा होता, आणि या श्रेष्ठीची आजची पत्नी तेव्हा मेइ होती. काचकार लिआंग मीच होतो. मी दिली ती राख, आणि ती माझी दानपारमिता, दानाची परिपूर्णता, होती."