हुकमापुरता पुरुष

देवपुरात अंताजीपंत नवे कोतवाल झाले आणि त्यांनी दवंडी पिटवली, की दिवेलागणीनंतर घरच्या पुरुषाशिवाय रस्त्यावर दिसणारी बाई रात्रभर चावडीत बसेल. पुढे कोजागिरी आली. कासार आळीतल्या भिवराचा नवरा बांगड्या घेऊन जत्रेला गेला होता, आणि पलीकडच्या पेठेत तिच्या बहिणीकडे दूध आटत होतं. भिवराने तान्ह्या मुलाला कडेवर घेतलं आणि ती चांदण्यात निघाली.

चौकात खुद्द पंतांनीच तिला अडवलं. "काय गं, घरचा पुरुष कुठाय?"

"हा काय!" तिने बाळाची कुंची सारखी केली.

पंत खवळले. "थट्टा करतेस? हे दूधपितं पोर तुझं रक्षण करणार?"

"नाही हो पंत, ह्याला हुकमापुरता आणलाय. रक्षणाला सरकारने तुम्हाला नेमलंय, असं मी धरून चालले. तसं नसेल तर सांगा, आल्या पावली परत जाते."

भोवतीची माणसं खुदकन हसली. 'तसं नाही' म्हणायची पंतांना सोय नव्हती. त्यांनी मुकाट्याने एक मशालजी तिच्यासोबत बहिणीच्या दारापर्यंत धाडला.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या चार बायका भिवराकडे आल्या, संध्याकाळपुरतं बाळ उसनं मागायला.