रिबन माइकची हौस

फार वर्षांमागे, गाणी टेपवर उतरत होती तेव्हाची गोष्ट. मिरजेच्या एका स्टुडिओत दोन माइक राहत. रिबन माइकच्या पोटात कागदाहून पातळ धातूची पट्टी होती. कुणी कुजबुजलं तरी ती थरथरे. डायनॅमिक माइक मात्र दणकट. रोजचं काम त्यालाच मिळे, आणि रिबन कापडाखाली झुरत बसे.

एकदा ढोलवाले आले. रेकॉर्डिस्ट विश्रामने हात पुढे करताच रिबनने स्वतःला पुढे लोटलं.

"अरे, मागे हो! हा मार माझ्यासारख्या दगडानेच खावा. तुझं काम वेगळं आहे," डायनॅमिक कळवळून म्हणाला.

"ते येतंय कुठे? एकदा तरी गाजू दे मला!"

ढोलावर पहिलीच थाप पडली आणि रिबनची पट्टी फाटली. आवाज बंद पडला. विश्रामला वाटलं, वायर ढिली असेल. त्याने डायनॅमिक लावून काम भागवलं.

पुढच्या आठवड्यात गोदूआक्का आल्या. आजाराने त्यांचा आवाज दोऱ्याएवढा उरला होता.

"लेकीला दिवस गेलेत. बाळ येईपर्यंत मी काही राहत नाही. एवढी अंगाई ठेवून घ्या," त्या म्हणाल्या.

डायनॅमिकने जिवाचे कान केले, पण टेपवर नुसती खरखर उमटली. मग विश्रामने वायर घट्ट करून रिबन समोर ठेवला. आक्का अगदी जवळ येऊन गायल्या. त्यांचा श्वास, शब्दन् शब्द रिबनच्या जाळीवर आला आणि तिथेच विरला.

"आलं का हो?" आक्कांनी विचारलं.

विश्रामने टेप मागे नेऊन लावली; ती कोरीच होती. पुन्हा गाण्याचं त्राण आक्कांच्यात उरलं नव्हतं.