मेंदूचा झाडू

"मग पाटीवर तुमचं नाव घालायला हरकत काय आहे, चाचा?" मुकुंद तिसऱ्यांदा विचारत होता.

हकीम शरफुद्दीन खलबत्त्यात ज्येष्ठमध कुटत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

औशाच्या त्या जुन्या दवाखान्यात मुकुंद अकरा वर्षं शिकला होता. आता लातुरात त्याचं सुगंधोपचाराचं केंद्र होतं आणि येत्या शुक्रवारी दुसरं उघडायचं होतं. पाटी रंगवून तयार होती. 'हकीम शरफुद्दीन यांचे शिष्य' ही एक ओळ तेवढी राहिली होती. उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय ती लिहायची नाही, एवढी रीत तो अजून पाळत होता.

"तुम्ही एकदा येऊन बघा तरी," तो म्हणाला. "दारातच लॅव्हेंडरचा वास येतो. झोप येत नाही त्याला उशीवर दोन थेंब. डोकं दुखतं त्याला तिळाच्या तेलात मिसळून कपाळावर. भाजलं, पोळलं, त्यालाही तेच. धडधड होणाऱ्या बायका तर नुसत्या येऊन बसल्या तरी शांत होतात."

"सगळ्यांना लॅव्हेंडरच?"

"बहुतेकांना. आजवर एकाचीही तक्रार नाही."

हकीमांचा हात थांबला. "एकाचीही नाही?"

"एकाचीही नाही!"

स्वारी हवेत होती. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, आणि त्यालाही तोच वास. वास चांगला होता, खोटं कशाला बोला.

"त्याला आपण काय म्हणतो?" हकीमांनी विचारलं.

"उस्तुखुद्दूस."

"आणि जुने हकीम?"

"मेंदूचा झाडू." मुकुंद हसला. "पहिल्याच वर्षी पाठ करून घेतलं होतं तुम्ही. डोक्यातलं सगळं साचलेलं झाडून काढतो, म्हणून झाडू."

हकीम उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात झाडू होता. दुसऱ्या हातातून काहीतरी खाली पडलं. मुकुंदाचं लक्ष नव्हतं. पाटीवरची अक्षरं कुठल्या रंगाची आहेत, ते तो सांगत होता.

"एवढी खोली झाड," हकीम म्हणाले.

"मी?"

"शिष्य ना तू?"

त्याला ते बोचलं. पण ओळ लिहायची होती. त्याने बाह्या वर सारल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खोली भराभर झाडून काढली. उंबऱ्यापाशी ढीग केला.

"झालं, चाचा."

"काय निघालं?"

"काय निघणार? कचरा."

हकीम ढिगापाशी येऊन उभे राहिले.

"तू इथं आलास त्या पहिल्या दिवशी असाच झाडू घेऊन सुटला होतास. तुझा हात कुणी धरला होता?"

मुकुंदाचा चेहरा पडला. "शमीमआपाने."

शमीम म्हणजे हकीमांची मुलगी. लातुरात दिलेली. थंडीत ती वारली, त्याला चार महिने झाले होते. मुकुंद मातीला आला होता आणि हकीमांच्या शेजारी उभा राहून ढसाढसा रडलाही होता.

"काय म्हणाली होती ती?"

"आधी वेचायचं, मग झाडायचं." त्याचा आवाज उतरला. "दवाखान्यात जमिनीवर औषधसुद्धा पडलेलं असतं."

"मग?"

"विसरलो, चाचा."

"आता वेच."

तो उकिडवा बसला. धूळ, काड्या, बडीशेपेचे चार दाणे, ज्येष्ठमधाचा एक तुकडा. आणि घडी घातलेली एक चिठ्ठी. त्याने ती उलगडली. अक्षर त्याचंच होतं.

'शमीमआपा. डोकेदुखी. लॅव्हेंडर, उशीवर.' खाली सात तारखा. पहिल्या सहांपुढे 'दोन थेंब'. सातवीपुढे लिहिलं होतं, 'सकाळी उलटी. एकाचे दोन दिसतात. तीन थेंब.'

मुकुंद ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

"तिच्या सामानात सापडली ही. मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती," हकीम म्हणाले. "डॉक्टरनं मला विचारलं, इतके दिवस काय करायलात? मी काय सांगणार? तिचं डोकं दुखतंय, हेच मला माहीत नव्हतं. अब्बांना घोर नको म्हणून ती तुझ्याकडं येत होती."

"पण ती स्वतः म्हणायची, चाचा! शपथेवर सांगतो. डोकं हलकं होतं, झोप लागते, बरं वाटतंय म्हणायची..."

"वाटत असणार. औषध चांगलंच आहे."

"मग माझं चुकलं कुठं?"

"बरं वाटत होतं, म्हणून ती दुसरीकडं गेली नाही."

मुकुंद झाडू मांडीवर घेऊन तिथेच, त्या ढिगाशेजारी बसून रडला. मातीच्या दिवशी रडला होता तसा नाही, आवाज न करता. हकीमांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एरवी ठेवत.

"पाटीवर ती ओळ नको," शेवटी तो म्हणाला. "तुमचं नाव घालायची माझी लायकी नाही."

हकीमांनी त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली, तिच्या जुन्या घडीवरच घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवली. झाडू मात्र उचलला नाही. तो मुकुंदाच्या मांडीवर तसाच राहू दिला...

"घाल," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात घाल. झाडू तुझ्या हातात कुणी दिला, ते लोकांना कळू दे."