टिचकीचं डबकं

काळ्या कातळावर एक डबकं होतं. बशीएवढं.
त्यात राहायची एक खेकडी. अगदी टिचभर. तिचं नाव टिचकी.

एके सकाळी टिचकी उठली. बघते तर काय?
डबक्यात पाणीच नाही!
पाय लागले चुरचुरायला.
"पाणी येतं कुठून?" टिचकी म्हणाली. "बघूनच येते."

निघाली टिचकी. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.

टेकडीवर एक ढग टेकला होता. पांढरा, कापसासारखा.
"ढगा ढगा, पाऊस दे ना!"
ढग म्हणाला, "माझं पोट रिकामं. आधी वाफ येऊ दे. मग मी फुगेन."
"वाफ कुठे असते?"
"खाली, तळ्यात."

टिचकी निघाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.

"वाफे वाफे, निघ ना!
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
वाफ म्हणाली, "तळं गारच आहे गं. आधी ऊन तापू दे. मग मी निघेन."

टिचकी निघाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.
ऊन बसलं होतं टेकडीच्या शेंड्यावर.

"उन्हा उन्हा, ताप ना!
वाफ निघेना,
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
ऊन म्हणालं, "तळ्यावर बघ, धुकं पसरलंय. आधी धुकं सरू दे. मग मी तापेन."

टिचकी निघाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.
शिरली धुक्यात. सगळीकडे पांढरं पांढरं!

"धुक्या धुक्या, सर ना!
ऊन तापेना,
वाफ निघेना,
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
धुकं म्हणालं, "मला ढकलणार कोण? आधी वारा वाहू दे. मग मी सरेन."
टिचकीने धुक्याला हात लावला. ओलं ओलं!
"तू ओलं कसं रे?"
"मी पण ढगच. जमिनीवर बसलेला!"
"अगंबाई!" टिचकी म्हणाली.

टिचकी निघाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.
वारा झाडामागे बसला होता. गाल फुगवून.

"वाऱ्या वाऱ्या, वाह ना!
धुकं सरेना,
ऊन तापेना,
वाफ निघेना,
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
वारा म्हणाला, "मी रुसलोय. फुंकलं, फुंकलं, पण पत्र्याचा कोंबडा माझ्याकडे वळतच नाही! आधी कोंबडा वळू दे. मग मी वाहीन."
"कुठला कोंबडा?"
"तो काय, वेधशाळेच्या छपरावर. मी कुठून येतो, ते दाखवणारा."

टिचकी निघाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबड्या कोंबड्या, वळ ना!
वारा वाहेना,
धुकं सरेना,
ऊन तापेना,
वाफ निघेना,
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
कोंबडा म्हणाला, "वळू कसा? पायात पतंगाचा दोरा अडकलाय. मालनताईंना सांग."

वेधशाळेत होत्या मालनताई. त्या रोज आभाळ बघायच्या. आज हवा कशी, ते फळ्यावर लिहायच्या. आज मात्र फळा कोरा. खडू हातातच.

"ताई ताई, दोरा सोडवा ना!
कोंबडा वळेना,
वारा वाहेना,
धुकं सरेना,
ऊन तापेना,
वाफ निघेना,
ढग फुगेना,
माझं डबकं भरेना!"
ताई म्हणाल्या, "काय करू गं? हात पोचत नाही. आणि गाठ आहे घट्ट. कापायलाच हवी. कात्री वर न्यायची कोणी?"

टिचकीने आपली नांगी बघितली. उघडली. मिटली. चिक् चिक्!
"ही चालेल?"
"चालेल की!" ताई हसल्या.

त्यांनी लांब काठी आणली. टोकावर टिचकीला बसवलं.
वर, वर, वर...
टिचकीला लागली भीती. तिने काठी धरली गच्च.
"खाली बघू नकोस हं," ताई म्हणाल्या.
टिचकीने दोरा पकडला.
कट्!

दोरा सुटला.
कोंबडा वळला, गर्रर्र!
वारा हसला. वाहायला लागला, सूं सूं!
धुकं सरलं.
ऊन तापलं.
वाफ निघाली. वर गेली, आणखी वर गेली. वर होतं गार गार. वाफ कुडकुडली. तिचे झाले इवले इवले थेंब. थेंब थेंबाला बिलगले.
ढग फुगला! आधी उशीएवढा. मग घराएवढा. मग डोंगराएवढा. काळा काळा!
गुडुम!

मालनताईंनी टिचकीला खाली उतरवलं. कोंबडा बघितला. ढग बघितला. फळ्यावर भरभर लिहिलं, आणि मोठ्याने वाचलं,
"आज पाऊस! छत्र्या घ्या!"

टप. टप. टपटपटपटप!
टिचकी घरी पळाली. आडवी आडवी, तुरुतुरु तुरुतुरु.
डबकं भरलं काठोकाठ.

डुबुक!
आठ पाय भिजले. दोन नांग्या भिजल्या. डोळे तेवढे वर.
टिचकी बुडबुडे काढत बसली.
बुड, बुड, बुड.