तिसऱ्या विचारण्याची वाट

अमेरिकेच्या गवताळ मैदानावर, जिथे गाव म्हणावे असे अजून काही वसलेच नव्हते, तिथे तोरग्रिम नावाचा एक शेतकरी राहत असे. नॉर्वेहून येताना त्याने सोबत बायको राग्ना, लहानगी मुलगी सिग्ने आणि दोन पेट्या आणल्या होत्या. पेट्यांत कपडे आणि बियाणे होते. सर्वांत मौल्यवान वस्तू मात्र, निदान तोरग्रिमच्या मते, पेटीत मावणारी नव्हती. ती म्हणजे आपल्या गावची रीतभात.

त्या रीतीनुसार कोणी काही देऊ केले तर ते एकदम घ्यायचे नसे. पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच त्रास’ म्हणायचे आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर, जणू नाइलाजच झाला अशा चेहऱ्याने, हो म्हणायचे. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा तिथे हावरा ठरत असे.

मैदानावर ना लाकूड होते, ना दगड. म्हणून तोरग्रिमने टेकाडाच्या कुशीत खणून घर केले, वर फांद्या अंथरल्या आणि त्यांवर गवतासकट कापलेले मातीचे थर रचले. छपरावर गवत त्याच्या गावीही असे. फरक एवढाच, की तिथली छपरे उंच होती आणि हे छप्पर टेकाडाला सपाट भिडले होते. हा फरक तोरग्रिमच्या ध्यानात आला नाही. तो त्याच्या एकुलत्या एक गायीच्या, डागरोसच्या, ध्यानात आला.

हिवाळा तोंडावर असताना एका सकाळी डागरोस चरत चरत छपरावर गेली. पोटभर चरून परत फिरली आणि टेकाडावर पुढचे पाय टेकते न टेकते तोच मागच्या दोन्ही पायांनिशी छपरातून खाली गेली. राग्ना टेबलापाशी पीठ मळत होती. तिने वर पाहिले, तर समोर गायीची कास लोंबत होती.

राग्ना किंचाळली नाही. तिने पीठ बाजूला केले आणि टेबल सरकवून गायीच्या खुरांखाली आणले. टेबल करकरले. ते मोडले असते तर गायीचा पाय मोडला असता आणि सबंध हिवाळा सिग्नेला दुधाचा थेंब मिळाला नसता. धार काढताना डागरोस स्थिर उभी राहते, हे आठवून राग्नाने बादली घेतली आणि धार काढायला सुरुवात केली.

नेमके तेव्हाच शेजारचे टटल गाडी घेऊन तिथून चालले होते. गाडीला दणकट बैलजोडी होती आणि गाडीत फळ्या होत्या, दोर होता. आवाज ऐकून शेतातून धावत आलेल्या तोरग्रिमला हायसे वाटले.

“गाय छपरावर दिसतेय,” टटल म्हणाले. “काही मदत करू का?”

“नको, नको,” तोरग्रिम नम्रपणे म्हणाला.

“नक्की ना?”

“कशाला उगीच तुम्हाला त्रास!”

“बरं, येतो मग,” असे म्हणून टटलांनी बैल हाकले.

तोरग्रिम दाराकडे वळला. “राग्ना, हा कसला माणूस! दोनदाच विचारतो!”

“तिसऱ्यांदा हे टेबल विचारणार आहे!” घरातून राग्ना ओरडली. “त्याचा एक पाय आत्ताच वाकलाय. धाव!”

तोरग्रिम धावला. गाडी गाठली खरी, पण जीभ उचलेना. “हवा छान आहे,” तो धापा टाकत म्हणाला. टटलांनी मान डोलावली. “गहू कसा झाला यंदा?” “बरा झाला.” मागून डागरोस हंबरली. तोरग्रिमने डोळे मिटले आणि जन्मात प्रथमच, कोणी न विचारता, सांगून टाकले: “माझी गाय छपरात अडकली आहे. मला मदत करा.”

“अहो, मग मघाशीच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही अजून एकदा विचाराल असं वाटलं.” गाडीतून परत येता येता तोरग्रिमने त्यांना आपल्या गावची सगळी रीत समजावून दिली.

टेकाडावर फळ्या टाकल्या, गायीच्या छातीला दोर बांधला आणि बैलांनी तिला अलगद वर ओढून घेतले. ती टेकाडावर उभी राहिली आणि खाली टेबलाने मान टाकली.

राग्नाने कॉफीचे भांडे उचलले. “कॉफी घेणार का, मिस्टर टटल?”

नवी रीत नुकतीच शिकलेले टटल अदबीने म्हणाले, “नको.”

राग्नाने भांडे परत चुलीवर ठेवले.

टटलांनी भांड्याकडे बोट दाखवले. “तुम्ही अजून दोनदा विचारायचं असतं ना?”

“ते कालपर्यंत होतं,” राग्ना म्हणाली. “आजपासून या घरात एकदाच विचारतात.”

“मग मला कॉफी हवी आहे,” टटल घाईने म्हणाले. “दूध जरा जास्त घाला.”

तोरग्रिमने तर विचारण्याआधीच आपला पेला पुढे केला.

तात्पर्य: गरज असेल तेव्हा मदत स्पष्ट शब्दांत मागावी, समोरचा पुन्हा विचारील या भरवशावर आपली गाय टांगून ठेवू नये.