मिटायचं कधी?

हरणं अजून माणसाला भीत नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका हरणाच्या अंगात राखण्या नावाचा जनुक होता. त्याने हुकूम सोडला तरच नवी रक्तवाहिनी फुटायची, आणि त्याचा तर कुणावर म्हणून विश्वास नव्हता.

एकदा पायाच्या जखमेने टाहो फोडला, "बाबा, रक्त द्या!"

"देतो. पण वाहिनी मिटायची कधी?"

"मला खपली धरली की लगेच."

वाहिनी फुटली, जखम भरली, वाहिनी मिटली.

मग पोटातली एक गाठ अगदी तशीच रडू लागली. राखण्याच्या मनात पाल चुकचुकली.

"मिटायचं कधी?"

"मिटायचं कशाला? मी काय परकी आहे? तुमच्या पोटचीच ना!"

"परक्याला तर कुणीही अडवतं," राखण्या म्हणाला, आणि ओठांवर आलेला हुकूम त्याने गिळून टाकला.